हायरमच्या जागी

आमच्या रॅटलिफ घराण्यातला एक तरी माणूस प्रत्येक लढाईला गेलेला आहे. अमेरिकेतल्या यादवी युद्धापासून इराकपर्यंतची ती यादी मीच केली, तीस वर्षं खपून. मे महिन्यातल्या एका रविवारी सगळं कुळ डोंगरावरच्या दफनभूमीत जमतं, गवत काढतं, सैनिकांच्या थडग्यांवर छोटे झेंडे खोचतं, आणि जेवणाआधी मी ती नावं मोठ्यांदा वाचते. वाचून झालं की आता फौजेत भरती होणारा पोरगा म्हणतो, "मी आहे." माझा मुलगा डॅरेल असाच म्हणाला होता. तो इराकहून शवपेटीतून आला. तेव्हापासून ते दोन शब्द मला ऐकवत नाहीत.

यंदा सगळ्यांचे डोळे त्याच्या मुलावर, वेस्लीवर होते. एकोणीस वर्षांचा. वेल्डिंगच्या शाळेत जागा मिळालेली, पण फौजेत जायला स्वारी हो म्हणेना की नाही म्हणेना. चुलते पाठीत थापा घालायचे, "काय रे, घसा साफ आहे ना?" आणि मी विषय बदलायचे.

मार्चमध्ये सरकारी दप्तरखान्यातून एक पाकीट आलं. यादीतलं पहिलं नाव आमच्या पूर्वजाचं, हायरमचं, लढता लढता मेलेला म्हणून. पाकिटात त्याच्या बायकोचा, टॅलिथाचा, पेन्शनचा अर्ज होता. नामंजूर झालेला. हायरम पलटण सोडून पळाला होता, मक्याच्या कोठारात लपला होता, आणि पळपुटे हुडकणाऱ्या गावातल्याच बंदूकवाल्यांनी त्याला अंगणात, पोरांसमोर गोळी घातली होती. लढाईत मेला तो डोंगरापलीकडचा दुसराच हायरम रॅटलिफ. नाव एक, तालुका एक, म्हणून मी माणूसही एकच धरला. वंशावळ जुळवणाऱ्या नवशिक्यालाही पहिल्याच दिवशी बजावतात, असं करू नका. मी केलं आणि वर मिरवलं.

अर्जात आणखी एक गोष्ट होती. हायरम मेला तेव्हा टॅलिथाच्या पोटात असलेला धाकटा मुलगा पुढे बापाच्या नावावरचा डाग धुवायला १८९८ च्या क्यूबाच्या लढाईत गेला आणि तापाने मेला. म्हणजे आमची ही सगळी रांग अभिमानाने नाही, शरमेने सुरू झाली होती. मला भीती वाटली, आणि खोटं कशाला बोलू, आनंदही झाला. आता ही रांग मोडता येईल.

रविवारी सकाळी गवत काढताना वेस्लीला बाजूला घेऊन सगळं सांगितलं.

"म्हणजे आपण पळपुट्याची अवलाद, आजी?"

"पळपुट्याची नाही रे गाढवा, घरी यावंसं वाटलेल्या माणसाची. तू कुणाचं काही देणं लागत नाहीस. जा, तुझं वेल्डिंग शीक."

तो हसला नाही. "त्याला पुरलंय कुठे?"

"कुंपणाबाहेर. नुसता धोंडा आहे, नाव नाही."

तो तिकडे जाऊन बराच वेळ उभा राहिला. पोर सुटलं, असं मला वाटलं.

वाचताना मी हायरमचं नाव गाळलं.

"व्हर्ना, चष्मा पूस!" माझा दीर क्लोविस ओरडला. "पहिलाच गडी खाल्लास!"

मग मी खरं काय ते सांगून टाकलं. डब्यांची झाकणं उघडणारे हात थांबले. क्लोविसने टोपी काढली, पुन्हा घातली. मी घाईघाईने उरलेली नावं संपवली. डॅरेलचं नाव नेहमीसारखंच अडखळत वाचलं.

"आजी," मागून वेस्लीचा आवाज आला. "हायरमच्या जागी मला लिही. मी आहे."

टाळ्या पडल्या. क्लोविसने त्याला उचललंच. कुणीतरी माझ्या हातात पेन दिलं, आणि एवढे लोक बघत असताना मी ते नाव लिहिलं. माझ्याच हाताने.

माझी सून जोलीन, वेस्लीची आई, बटाट्याच्या सॅलडचं भांडं धरून शेजारी उभी होती. ती रडत नव्हती.

"आई," ती म्हणाली, "काल जेवताना तो मला म्हणाला होता, फौजेत नाही जात म्हणून. फक्त तुम्हाला कसं सांगायचं, एवढंच त्याला कळत नव्हतं."