बाकी सगळी हूल

आमच्या बिल्डिंगमध्ये लग्न असो, बारसं असो, डोहाळजेवण असो, आदल्या दिवशी बायका माझ्याकडे येतात. "अक्षदा, एक उखाणा दे ना गं, नवीन." मी भाजी निवडता निवडता देते. नवऱ्याचं नाव विचारायचं, यमक जुळवायचं, झालं. कळव्यातल्या अर्ध्या नवऱ्यांची नावं मी कुठे ना कुठे बसवली आहेत. माझा नवरा गेल्यावरही त्या येतातच, फक्त आता दारात उभ्या राहूनच विचारतात. कार्यक्रमाला मला बोलवावं की नाही, याचा त्यांना पेच पडतो. मी तो सोडवायला जात नाही. मला हल्ली सगळ्याचाच कंटाळा येतो.

तर अक्षदा हे माझं नाव नव्हे. म्हणजे आधारवर तेच आहे, रेशनकार्डावर आणि दारावरच्या पाटीवरही तेच आहे. पण मी जन्मले दर्शना म्हणून, कल्याणला, भगवान साळव्यांच्या घरी. आमचं घर बौद्ध. बाबांच्या वडिलांनी धर्म बदलला तेव्हा घरातले देव गेले, नवससायास गेले, आणि बाबा म्हणायचे की त्यानंतर आमच्या घरात पहिल्यांदा नावं विचार करून ठेवली गेली. माझं नाव त्यांनी आईला न विचारता ठेवलं होतं. आई, केशरबाई, त्यावरून त्यांना जन्मभर टोमणे मारायची आणि हाक मात्र पूर्ण नावानेच मारायची.

संदेश मला ठाण्यात भेटला. एका वाचनालयाच्या माडीवर महिन्यातून एकदा कवितावाचन व्हायचं. आठदहा माणसं, त्यातली निम्मी चहासाठी आलेली. मी तेव्हा कविता लिहायचे, चांगल्या लिहायचे. आता ते सांगायला लाज वाटत नाही, कारण ती लिहिणारी मुलगी आता माझ्या ओळखीची राहिलेली नाही. संदेश वाईट लिहायचा, पण ऐकायचा फार छान. वाचन संपलं की आम्ही खाडीवरच्या पुलावरून चालत कळव्याला यायचो. तो घरी जायचा, मी पुढे कल्याणला. पुलावर वास यायचा, गाड्या अंगावर यायच्या, आणि आम्ही एकमेकांना कविता म्हणून दाखवायचो. वेडेच होतो.

लग्नाला त्याच्या घरून होकार आला तो एका अटीवर. सासूबाई म्हणजे विमलाबाई. माहेर-सासर दोन्ही संगमेश्वराकडचं. त्या म्हणाल्या, मुलगी चांगली आहे, पण गावात कळता कामा नये. नाव बदला, माहेरच्या आडनावाचा विषय काढू नका, कुणी विचारलं तर वडील रेल्वेत आहेत एवढंच सांगा. संदेश मला म्हणाला, "अगं, तांदळात लिहायचंय फक्त. थोडे दिवस." बाबांना हे कळलं तेव्हा ते ओरडले वगैरे नाहीत. "नाव इथेच टाकून जाणार असशील तर मी तिथे येऊन करू काय?" एवढंच म्हणाले आणि आले नाहीत. त्यांचं चुकलं असं मला आजही वाटत नाही.

लग्नानंतर घरी ताटात तांदूळ पसरले, संदेशने अंगठीने त्यात 'अक्षदा' लिहिलं, पेढे वाटले. त्याआधी दारात नणंद, निशा, वाट अडवून उभी होती. नाव घेतल्याशिवाय आत सोडेना. संदेश भुकेला होता, त्याने तिथल्या तिथे जुळवलं:

ठाण्याहून कळव्याला खाडीवरचा पूल,
अक्षदाचं नाव घेतो, पेटवा आता चूल.

सगळे हसले. मीही हसले, पण माझ्या नवऱ्याने दुसऱ्याच कुणाचं तरी नाव घेतलं, असं मला वाटत राहिलं. दुसऱ्या दिवशी सकाळी स्वयंपाकघरात मी चहा गाळत होते. तो मागे येऊन उभा राहिला आणि हळूच म्हणाला:

ठाण्याहून कळव्याला खाडीवरचा पूल,
दर्शनाचं नाव घेतो, बाकी सगळी हूल.

त्याने आयुष्यात लिहिलेली ही एकच चांगली ओळ. तेवढ्यावर मी तो संसार केला. टेंभी नाक्याच्या देवीची ओटी दरवर्षी मी भरली, गौरी आणल्या, वटपौर्णिमा केली. वैशाख पौर्णिमेला मी खीर करायचे, तेव्हा सासूबाईंना वाटायचं सुनेला खिरीची हौस आहे. संदेश मुकाट्याने दोन वाट्या खायचा. कविता मात्र थांबली. दर्शनाचं लिहिणं अक्षदाच्या नावावर छापायला देववेना, आणि अक्षदाला सुचायचे ते फक्त उखाणे. मी चिडले, रुसले, माहेरच्या आठवणीने रडले, की संदेश स्वयंपाकघरात येऊन ती दुसरी ओळ म्हणायचा. एवढंच करायचा. चारचौघांत मला त्या नावाने हाक मारायची हिंमत त्याला कधीच झाली नाही. प्रेम होतं, पण ते स्वयंपाकघराच्या बाहेर पडलं नाही.

मग बाबा गेले, आई गेली. भाऊ मला ताई म्हणतो, मुलगा आई म्हणतो, उरलेलं जग अक्षदा म्हणतं. संदेश आजारी पडला आणि महिनाभरात आटोपलं. बायका येऊन रडल्या, मीही रडले. सगळ्यांना वाटलं नवऱ्यासाठी. होतंच ते. पण त्याच्याबरोबर माझं नाव घेणारं शेवटचं माणूस गेलं होतं, हे कुणाला सांगणार? रिकाम्या स्वयंपाकघरात मी एकदा स्वतःच स्वतःला हाक मारून पाहिली. फार विचित्र वाटलं. पुन्हा मारली नाही.

आता माझ्या मुलाचं, मितेशचं लग्न ठरलं. मुलगी डोंबिवलीची, ऐश्वर्या, बँकेत आहे, बोलायला चटपटीत. सासूबाई आता खूप थकल्यात, कानांनी मात्र तल्लख आहेत. त्यांनी आणि निशाने मिळून सुनेचं नाव ठरवून टाकलं: मिताली. मितेशला शोभेसं.

"अरे, तिला विचारलंस का?" मी मितेशला म्हटलं.

"आई, आजीचं मन राहू दे ना. तांदळात तर लिहायचंय फक्त. आधारवर थोडंच बदलणारे?"

मी त्याच्याकडे बघत राहिले. बापाचे डोळे घेतलेस ते ठीक, बापाची वाक्यंसुद्धा घ्यायची होतीस का रे? पण बोलले नाही. निशा म्हणाली, "वहिनी, तूच समजाव तिला. तुझंही बदललेलं ना, काय बिघडलं तुझं?"

ऐश्वर्याचाच फोन आला. "आई, तुमचं नाव बदललेलं ना? तुम्हाला कसं वाटलेलं तेव्हा?"

तिला समजवायचं होतं मला. खरंच वाद नको होता. सासूबाईंशी, निशाशी, गावाकडच्या माणसांशी भांडायचं त्राण माझ्यात नव्हतं. पण तोंडातून भलतंच गेलं. "सवय होते," मी म्हटलं. "तेच वाईट आहे बघ."

ती "बरं" म्हणाली आणि फोन ठेवला.

लग्न लागलं. संध्याकाळी वरात घरी आली. गावाकडची मंडळी बाहेरच्या खोलीत दाटीवाटीने बसली. माप ओलांडून झालं, ताटात तांदूळ पसरले, आणि निशा माझ्याजवळ येऊन कुजबुजली, "वहिनी, तू जरा आत बस हं. गावची माणसं आहेत, उगाच कुणी बोलायला नको." विधवेची सावली नको, असा त्याचा अर्थ. माझ्या माहेरी हे असलं कुणी मानलं नसतं. बाबांनी मला ओढत नेऊन ताटापाशी बसवलं असतं. मी उठले आणि आत स्वयंपाकघरात गेले. आत पाहते तर सासूबाई आधीच स्टुलावर बसलेल्या. त्याही विधवाच. ज्या नेमाने मी आत आले, त्याच नेमाने त्यांना त्यांच्याच लेकीने आत आणून बसवलं होतं.

"तुम्हीपण?" मी म्हटलं.

"मग काय गो. नेम तो नेम." त्यांनी पदराने तोंड पुसलं.

मी सगळ्यांसाठी चहाचं आधण ठेवलं. बाहेर गलका चालला होता. सासूबाई भिंतीला डोकं टेकून ऐकत होत्या. मग अचानक म्हणाल्या, "माझं माहेरचं नाव धोंडी. माझ्याआधीची पोरं जगली नाहीत, म्हणून दगडाचं नाव ठेवलं. लग्नात विमल केलं. मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू! वाटलं, सुटले. मला वाटलं, तुलाही तसंच बरं वाटलं असेल."

माझ्या हातातली साखरेची बरणी मी आपटली. "माझं नाव धोंडी नव्हतं, आई. माझ्या बापाने हौसेने ठेवलेलं नाव होतं ते."

मला संताप आला होता आणि त्याच वेळी त्यांची दयाही येत होती. म्हणजे यांच्या लेखी माझं नाव झाकायच्या लायकीचं होतं, आणि झाकलं ते माझ्यावर उपकार म्हणून.

बाहेर एकदम शांतता झाली. ऐश्वर्याचा आवाज आला, अगदी स्वच्छ. "नाही हं आत्या, ऐश्वर्याच लिहायचं. मी मितेशला कालच सांगितलंय." कुणीतरी काहीतरी पुटपुटलं. निशा म्हणाली, "अगं, पण आईने ठरवलंय." मी सासूबाईंकडे पाहिलं. त्यांनी स्टुलावरूनच ओरडून सांगितलं, "लिहा गो तिला हवं ते! चहा उकळतोय!"

झालं. एवढ्यावर मिटलं. टाळ्या वाजल्या, पेढ्यांचे बॉक्स उघडल्याचा आवाज आला. ज्या गोष्टीपायी माझा बाप लग्नाला आला नाही, ती गोष्ट चहा उकळतोय म्हणून सोडून देण्याएवढी होती. मी ओट्याला धरून उभी राहिले. पोरीसाठी आनंद झाला होता, खोटं नाही सांगत, पण स्वतःसाठी रडावंसं वाटत होतं.

तेवढ्यात ऐश्वर्या शालूचा घोळ सावरत आत आली. "आई, पटकन एक उखाणा द्या ना! सगळ्या मागे लागल्यात. लांबलचक नको."

सुचेना. कळव्यातल्या सगळ्या बायकांना पुरवले आणि स्वतःच्या सुनेसाठी डोकं रिकामं. शेवटी जे होतं तेच दिलं. "ठाण्याहून कळव्याला खाडीवरचा पूल, मितेशचं नाव घेते, बाकी सगळी हूल."

"एकदम भारी!" म्हणत ती पळाली. बाहेर तिने तो म्हटला, हशा पिकला, कुणीतरी शिट्टी मारली. मी ऐकलं आणि वाटलं, संपलं. तेवढं एक जपलं होतं, तेही आज देऊन टाकलं.

"तसा नाय तो," मागून सासूबाई म्हणाल्या.

"काय?"

"उखाणा. तसा नाय. त्यात मितेश नव्हतं." त्यांनी स्वयंपाकघर आणि त्यांची खोली यांच्या मधल्या भिंतीवर हात ठेवला. "संदू म्हणायचा ना इथे. पलीकडे सगळं ऐकू यायचं मला."

मी गॅस बारीक केला. "म्हणजे तुम्हाला माहीत होतं. इतकी वर्षं नाव माहीत होतं, कानावर पडत होतं, आणि एकदा, एकदा तरी हाक मारायची होती हो!"

"कशी मारू?" त्यांचा आवाज बारीक झाला. "मीच बदललेलं. आणि ते तुमच्या दोघांचं होतं. मधे मी कशी तोंड घालू? संदू गेला त्यानंतर वाटायचं, घ्यावं. पण तू इतकी दमलेली दिसायचीस. वाटलं, चिडशील."

चिडलेच असते. अजूनही चिडलेलेच होते. हे काही पुसून जाणारं नव्हतं आणि मी पुसणारही नव्हते. बाहेरून निशाने हाक दिली, "अक्षदावहिनी, चहा झाला का?" मी उत्तर दिलं नाही.

"आई," मी म्हटलं, "कसा होता तो उखाणा? म्हणा बघू."

"मी?"

"हो."

सासूबाईंनी पदर सारखा केला, शाळेतल्या मुलीसारख्या ताठ बसल्या आणि कापऱ्या आवाजात म्हणू लागल्या:

"ठाण्याहून कळव्याला खाडीवरचा पूल, दर्शनाचं..."

"ओ," मी म्हटलं.