बांधावरची रेघ

आमच्या भावोजींना कॅमेऱ्याचं खूळ लागलं आणि आमचं शेत गेलं. गावात म्हणतात, ही बाई फार तोडून बोलते. बोलते. शेत माझं गेलंय.

भावोजी म्हणजे माझा धाकटा दीर अक्षय. रोह्याला कंपनीत शिफ्ट करतो, वरश्याला ब्लॉक घेतलाय. आमचं गाव कासूच्या खाली, खाडीला लागून. मातीच्या बांधानं खारं पाणी अडवायचं आणि आत भात लावायचा, त्यावर आमचं पोट. श्रावणातल्या उधाणाला बांधाला खांड पडली, मोठं भगदाडच, आणि नेमकं आमच्या शेतासमोर. खारं पाणी एकदा आत मुरलं की तीन-चार वर्षं तिथं गवतसुद्धा धड उगवत नाय.

खांड पडली की घरटी एक माणूस बांधावर येतो, ही आमच्याकडची रीत. ओहोटीला पाणी मागं सरतं, तेवढ्यात रांग करून हातोहात चिखल द्यायचा आणि खांड बुजवायची. भरती लागायच्या आत काम आटपलं नाय तर टाकलेलं सगळं वाहून जातं. त्या सकाळी सगळे आले. खांड अर्धी बुजलीसुद्धा, आणि भावोजी कॅमेरा गळ्यात घालून हजर.

"फोटो कचेरीत देऊ, दगडी बांध मंजूर होईल," असं म्हणाले आणि सगळे भुलले. आधी उघाडीवर, म्हणजे पाणी सोडायच्या दारावर चढून बघितलं. मग चिखलात पालथे पडले. खालून घेतलं की माणसं आभाळाला टेकतात म्हणे. मग म्हणाले, रांग वाकडी दिसते, त्या वळणावर सरका, नजर कशी रेघेवरनं थेट डोंगरापर्यंत गेली पाहिजे. झालं. खांड सोडून आम्ही वळणावर, जोह्याच्या कारखान्यात रंगाला ठेवलेल्या गणपतीसारखे ओळीनं उभे. लाल लुगडं पुढं पाहिजे म्हणून मला पुढं काढलं. ज्या हैबतरावांना अख्खं गाव भरतीची वेळ विचारतं, ते टोपी सारखी करत होते. तेवढ्यात ढग आला.

"थांबा, जरा ऊन येऊ द्या."

माझं लक्ष खाडीकडं. म्हटलं, "पाणी फिरलं, भरती लागली."

"वहिनी, बोलू नका. तोंड हलतंय."

"अरे मेल्यांनो, पाणी फिरलं म्हणते ना मी."

आमचे हे मागून म्हणाले, "गप गो. एवढा एकच."

ऊन आलं, फोटो निघाला. आम्ही खांडीवर पोचेस्तोवर पाण्यानं सगळा चिखल धुऊन नेला होता. खांड दुपटीनं रुंदावली. हिरवागार भात डोळ्यांदेखत बुडाला. मी तिथंच बसून रडले. समजूत घालायला कुणी आलं नाय, सगळे खाली बघत होते.

पुढच्या महिन्यात पेणला कचेरीत अर्ज द्यायला गेलो. भावोजींनी फोटो चांगला मोठा करून आणला होता. साहेबांनी तो बराच वेळ बघितला.

"सुंदर आहे. पण यात बांध तर शाबूत दिसतो. खांड कुठंय?"

मी फोटो हातात घेतला. डोंगर होता, आभाळ होतं, माझं लुगडं होतं. खांड नव्हती.

"भावोजी, खांड कुठं गेली?"

"ती डावीकडं राहिली, वहिनी," लहान पोराला समजावतात तसं ते म्हणाले. "घेतली असती तर रेघ तुटली असती."

खांडीचा फोटो लावून आणा म्हणून साहेबांनी अर्ज परत दिला. आता खांड कुठली दाखवायची? महिनाभरात बांधच वाहून गेला. तिथं फोटो काढला तर नुसती खाडी दिसते.

बाहेर आलो. भावोजी आमच्या ह्यांना म्हणाले, "दादा, पाणी अजून साचलेलं असेल ना शेतात? सकाळी सकाळी त्यात डोंगराचं प्रतिबिंब मस्त उतरेल."

मी ह्यांच्या तोंडाकडं बघत राहिले.

"हाय की," हे म्हणाले. "रविवारी ये."