मनगटाचं माप

"अवं, तो कागद वाचनं बंद कर आधी! मी काय आज पयल्यांदा इंजन खोलून राह्यलो?"

इंद्रभान बोनेटखाली कमरेपर्यंत वाकलेला होता आणि तिसऱ्यांदा त्याच्या बोटांतून निसटलेला बोल्ट इंजिनाच्या कुठल्यातरी सांदीत जाऊन बसला होता. जोडणीच्या सूचनांचा कागद घेऊन उभी असलेली त्याची मुलगी मंजुषा पुढे वाकली. चुंबकाची काडी आत घालून तिनं बोल्ट काढला आणि त्याच्या हातावर ठेवला. याचाच त्याला जास्त राग आला.

गाडी मंजुषाची. जुनी, पण पळायला वेडी. रविवारी पुण्याजवळच्या एका घाटात वेळ लावून गाड्या पळवायची स्पर्धा होती आणि त्यासाठी तिनं नवा इनटेक मॅनिफोल्ड मागवला होता. इंजिनात हवा नेणाऱ्या चार वाकड्या नळ्या, चकचकीत अ‍ॅल्युमिनियमच्या, मूळ गाडीसोबत आलेल्यापेक्षा चांगल्या जाडजूड. तो बसवून देणारे पुण्यात छप्पन्न सापडले असते. पण या बाईसाहेबांनी स्पर्धेतल्या झाडून सगळ्यांना सांगून ठेवलं होतं की माझ्या इंजिनाला फक्त माझ्या बाबांचा हात लागतो. म्हणून डिक्कीत खोकं टाकून ती थेट वाशीमजवळच्या मालेगावला, बाबांच्या गॅरेजवर आली होती.

आणि ते खोकं म्हणजे निव्वळ डोकेदुखी. सकाळपासून एक गोष्ट सरळ होईल तर शपथ. पॅकिंगची भोकं जुळेनात, ती कानशीनं मोठी करावी लागली. अ‍ॅक्सिलरेटरची केबल दोन बोटं आखूड पडली. पेट्रोलच्या नळीला तर जागाच ठेवलेली नव्हती.

"ज्यानं हे बनवलं, त्यानं कधी गाडी पाह्यली असन काय?" इंद्रभान खेकसला.

शेजारच्या पंक्चरच्या दुकानातून किशन म्हणाला, "जुनं काय वाईट होतं बा?"

"किशन, तू टायरात हवा भर. माह्या डोक्शात नको भरू."

कसाबसा मॅनिफोल्ड बसला. आता बोल्ट कसायचे राहिले होते. मंजुषानं एक लांब दांड्याचा पाना पुढे केला. "बाबा, हा टॉर्क पाना घ्या ना. पायजे तेवढा जोर लागला की कट्ट वाजते."

"मले नाई पायजे वाजनारे पाने. चौतीस वर्सं मनगटानं बोल्ट कसले म्या. वाशीमपासून केनवडपर्यंत एक तरी गाडी वापस आली काय?"

आली नव्हती, हे खरंच होतं. मंजुषानं पाना परत पेटीत ठेवला आणि ती मागच्या घरात चहा आणायला गेली.

पहिले चार बोल्ट झाले. पाचव्याला त्यानं जोर दिला. मनगटाला काही कळेना, म्हणून आणखी थोडा दिला. आणि घट्ट होता होता बोल्ट एकदम मऊ पडला. आयुष्यभर पाना फिरवलेल्या माणसाला दुसऱ्यानं सांगावं लागत नाही. इंजिनाच्या हेडमधले, बोल्टला धरून ठेवणारे आटे झिजून गेले होते.

त्यानं घाईनं मागे पाहिलं. भोकात सीलंट भरून बोल्ट उभा केला, तर वरून कुणाच्या बापाला कळलं नसतं. पुण्यापर्यंत गाडी गेलीही असती. पण रविवारी, घाटातल्या एखाद्या वळणावर पोरीनं पाय दाबला असता, तिथून हवा शिरली असती आणि इंजिनानं दगा दिला असता. इंद्रभाननं मॅनिफोल्डला शिव्या घातल्या, खोक्याला घातल्या, किशनलाही घातल्या. मग शिव्या घालायला कुणी उरलं नाही.

मंजुषा चहा घेऊन आली. "झालं?"

"पाचव्याचे आटे गेले."

"मालच हलका असन, बाबा."

"हेड तुह्याच गाडीचं हाये, माल कायले हलका असन? म्या घालवले." त्यानं पाना खाली ठेवला. "वर्स झालं वं. बोटाईले काईच समजत नाई. बोल्ट कसलेला हाये का ढिला, मले सारखंच लागते."

"मंग मले काहून नाई सांगतलं?"

"तू सगळ्याईले सांगून बसली होती ना."

 मंजुषाचे डोळे भरून आले, पण आपण रडलेलं त्याला सहन होणार नाही हे तिला माहीत होतं. चहाचे कप ठेवून ती घरची स्कूटी घेऊन वाशीमला गेली आणि लेथवाल्याकडून तारेचे आटे घेऊन आली. मोठ्या केलेल्या भोकात ही गुंडाळीची तार बसवली की बोल्टला नवे आटे मिळतात.

मॅनिफोल्ड पुन्हा उतरवला. ड्रिल मंजुषानं धरलं. पत्र्याच्या शेडमध्ये बोनेटखाली अंधार होता, म्हणून इंद्रभान टॉर्च धरून उभा राहिला. त्याच्या तोंडाचा पट्टा मात्र सुरूच होता. "सरळ धर, सरळ! ड्रिलच्या टोकाले ग्रीस लाव आधी, नाई तं भुसा आत पडन. अवं, घाई कायची लागली तुले?" नवे आटे बसले, मॅनिफोल्ड पुन्हा चढला. मंजुषा मधल्या बोल्टापासून बाहेरच्या बोल्टांकडे टॉर्क पान्यानं कसत गेली. पाना दर वेळी कट्ट वाजला.

चावीच्या दुसऱ्या फेरीत इंजिन सुरू झालं. असा दणदणीत आवाज त्या रस्त्यावर कधी झाला नव्हता. चहाच्या टपरीवरची चारसहा माणसं उठून आली, त्यांच्या पुढे किशन.

"वा रे वा इंद्रभान! बसोलाच शेवटी!"

मंजुषानं हसून बाबांकडे बोट दाखवायला हात उचलला. इंद्रभान तिच्या आधी बोलला.

"मंजूनं बसोला," तो म्हणाला. "म्या टॉर्च धरली."