हानुसच्या होडीचा फळा

मित्रांनो, मी एक जुना फळा आहे. फॅरो बेटांवरच्या एकोणीस घरांच्या गावात माझं आयुष्य गेलं. पण फळा होण्याआधी मी होडी होतो.

आमच्याकडे झाडं उगवत नाहीत. लाकूड जहाजाने बाहेरून येतं, म्हणून फळीचा तुकडाही कुणी फेकत नाही. हानुसच्या वडिलांची होडी किनाऱ्याच्या खडकावर आपटून फुटली, तेव्हा तिच्या चार धड फळ्या हानुसने घराच्या आढ्याला टांगून ठेवल्या. त्याच मागायला एक दिवस एल्स्पाबाई आल्या. परीक्षा पास होऊन आमच्या बेटावर शिकवायला आलेल्या त्या पहिल्याच बाई.

"होडीवर अक्षरं काढणार?" हानुसने विचारलं.

"मग काय, तुमच्या पाठीवर काढू?" बाई म्हणाल्या.

हानुस क्वचित हसायचा. त्या दिवशी हसला आणि फळ्या काढून दिल्या. बाईंनी त्या स्वतः जोडल्या, काजळी आणि तेल कालवून दोन हात दिले आणि मला भिंतीला टेकवलं. खिळ्यांची जुनी भोकं मात्र तशीच राहिली.

गावाने बाईंना एका वर्षाच्या बोलीवर ठेवलं होतं. ईस्टरच्या रविवारी, प्रार्थनेनंतर, प्रत्येक घराच्या कर्त्या माणसाने बाई राहाव्यात असं वाटलं तर हात वर करायचा. त्या गेल्या तर दुसरा मास्तर मिळेपर्यंत शाळा बंद. मागच्या वेळी मास्तर मिळायला तीन वर्षं लागली होती.

बाई मुलांना चांगलं शिकवत. पुस्तकात आगगाडी आणि सफरचंदाच्या बागा होत्या. त्या मुलांनी कधी पाहिल्या नव्हत्या. मग बाई पुस्तक मिटून समुद्राकडे वळत. मार्च महिन्यात त्यांनी रेषा शिकवायला घेतल्या.

"जमिनीवरच्या दोन खुणा एका ओळीत आल्या की एक रेषा मिळते," बाई म्हणाल्या. "दुसरीकडच्या दोन खुणा जुळल्या की दुसरी. दोन्ही रेषा जिथे एकमेकींना कापतात, तिथे तुमची होडी. आता एकेक जण मनाने जागा काढा. मनाने हं, घरची नाही."

हे त्यांनी दोनदा बजावलं, कारण मासळीची जागा हे आमच्याकडे घराचं गुपित असतं. बाप ते मुलाला सांगतो, तेही समुद्रावर गेल्यावर, हळू आवाजात. शेजाऱ्याला कुणी सांगत नाही.

हानुसला मुलगा नव्हता. राग्ना नावाची दहा वर्षांची मुलगी होती, तिलाच तो होडीवर सोबत नेई. ती माझ्यासमोर आली, खडू घेतला आणि काढू लागली. चर्चच्या छपराचं टोक, त्याच्या मागे धबधब्याखालचा पांढरा धोंडा. मग समुद्रात घुसलेलं बेटाचं नाक आणि त्याला चिकटणारा काळा सुळका. तिने दोन रेषा ओढल्या. हात इतका ठाम होता की खडू माझ्या लाकडात रुतला.

मी चरकलो. होडी असताना त्याच जागेवर मी शेकडो वेळा थांबलो होतो.

बाईंनी झटकन फडकं फिरवलं. पण चौदा मुलांनी पाहिलं होतं, आणि मुलं संध्याकाळी घरी जेवतातच.

दुसऱ्या दिवशी हानुस समुद्रावर गेला, तर त्याच्या जागेवर तीन होड्या आधीच उभ्या. त्याने होडी वळवली आणि तडक शाळेत आला. राग्नाचा हात धरून म्हणाला, "चल घरी. पुरे झालं शिक्षण." बाईंकडे त्याने पाहिलंही नाही.

ईस्टरच्या रविवारी सगळे शाळेतच जमले. मी भिंतीला टेकून ऐकत होतो. हानुसने राग्नालाही आणलं होतं, गावासमोर चूक कबूल करायला.

"शाळा हवी कशाला?" हानुस म्हणाला. "माझ्या बापाने मरेपर्यंत तोंड उघडलं नाही. या फळ्याने एका दुपारात उघडलं."

"चूक माझी आहे," एल्स्पाबाई उभ्या राहून म्हणाल्या. "धडा मी निवडला. पोरीला वर्गाबाहेर काढू नका. काढायचं तर मला काढा."

तेवढ्यात मागून त्रोंदुर बोलला. गावात जिभेला हाड नसलेला हाच. "मी गेलो होतो बाबा तिथे. लपवत नाही. अर्धा दिवस गळ टाकून बसलो. एक शेपूट दिसलं नाही! हानुसचे मासेही हानुससारखेच, पाहुण्याला तोंड दाखवत नाहीत."

"जागा चुकली असेल तुझी," कुणीतरी म्हणालं.

"जागा बरोबर होती," राग्ना म्हणाली. सगळे वळले. ती बापाकडे बघून बोलत होती. "पण वेळ मी काढलीच नव्हती. प्रवाह कधी पालटतो ते. तुम्ही म्हणाला होता ना, जागेपेक्षा वेळ मोठी. बाईंनी रेषा विचारल्या, मी रेषा काढल्या. चुकलंच माझं. पण वेळ नाही सांगितली मी कुणाला."

हानुस टोपी हातात फिरवत राहिला.

मग आर्मगार्ड म्हातारी काठी टेकून उठली. नवरा बुडाल्यापासून तिच्या घराची कर्ती तीच होती. "माझ्या नवऱ्यानेही तोंड उघडलं नव्हतं," ती म्हणाली. "जागा घेऊन तळाला गेला. वीस वर्षं माझी पोरं रिकाम्या पाण्यात गळ टाकतायत. हानुस, तुझी जागा पोरीच्या डोक्यात आहे. माझी कुठे आहे रे?" मग ती बाईंकडे वळली. "पोरांना एवढं लिहायला शिकव, बाई, की घरचं घरात लिहून ठेवतील."

शेवटी हानुसने हात वर केला. पहिली मेंढी ओढा ओलांडते आणि मग बाकीच्या, तसे बाकीचे हात वर आले. दोन नाही आले.

त्यानंतर दर वर्षी बारा वर्षांची मुलं आपल्या घरची जागा कागदावर लिहीत, घडी घालत आणि घरच्या प्रार्थनेच्या पुस्तकात ठेवत. ती लिहीत असताना बाई वर्गाकडे पाठ आणि माझ्याकडे तोंड करून उभ्या राहत. असं चौतीस वर्षं चाललं. त्यांचा चेहरा इतक्या जवळून मीच पाहिला आहे.

पुढे नवी शाळा झाली, नवा फळा आला. बाईंची तसबीर तिथे लागली. मला मटण वाळवायच्या खोपटात आडोशाला उभं केलं. वारा, खारट हवा आणि लोंबणाऱ्या तंगड्या. काजळी उडाली. कुणी विचारलं नाही.

मित्रांनो, जुन्या वस्तूला जागा नसेल तर नका देऊ, पण निदान तिला पावसात टाकू नका. आणि घरातलं माणूस काही सांगू लागलं तर जवळ बसा. सांगणाऱ्यांनो, समोर मुलगी आहे म्हणून थांबू नका.

गेल्या शरद ऋतूत खोपटाचं दार उघडलं. पांढऱ्या केसांची बाई आत आली, सोबत तिची नात. बाईने माझ्या खिळ्यांच्या भोकांवरून बोट फिरवलं आणि मी ओळखलं. राग्ना. तिने खिशातून खडू काढला. छपराचं टोक, धोंडा, नाक, सुळका. मग प्रथमच, रेषांखाली तिने वेळ लिहिली.

"पाठ झालं?"

"झालं, आजी."

"मग पूस. आधी फडकं ओलं कर. एल्स्पाबाईंची शिस्त आहे."

नातीने मला नीट, कोपऱ्यापर्यंत पुसलं. ती वेळ मला माहीत आहे. पण ती राग्नाच्या घरची आहे.