एफीचं निर्णायक मत

ग्लासगोच्या त्या वस्तीत एफी मॅकगार्व्हीला ओळखत नाही असा माणूस सापडणं कठीण. पडायला आलेल्या दगडी इमारती भाडेकरूंनी स्वतःच हाती घेऊन सावरल्या, त्यातून गृहसंस्था उभी राहिली, आणि एकवीस वर्षं तिची अध्यक्ष एफीच. पगार नाही, कटकटी मात्र भरपूर. आता तर नदीपलीकडेही संस्थेची घरं उभी राहत होती. ती पुरी होईपर्यंत खुर्ची सोडायची नाही, असं एफीनं ठरवलं होतं. खरं सांगायचं तर त्यानंतरही सोडायची तिची इच्छा नव्हती.

नऊ वर्षांनंतर अध्यक्षानं दरवर्षी समितीची संमती घ्यावी, असा नियम होता. पण चहा निवायच्या आत बाकीच्या आठही जणांचे हात वर जायचे. सगळे नंदीबैलासारखे माना डोलवत, आणि एफीच चिडायची. "कधीतरी नाही म्हणा की रे. तोंडं काय बिस्किटं खायलाच दिलीत?"

त्या संध्याकाळी खजिनदार ह्यूईनं, म्हणजे गोदीतल्या जुन्या वेल्डरनं, सवयीनं विचारलं, "एफीच राहू दे ना?"

चारच हात वर झाले.

"आणि विरोधात?"

पहिला हात तस्नीमचा. या मुलीला एफीनंच घरी जाऊन समितीत आणलं होतं, उपाध्यक्षही केलं होतं. दोन वर्षांत तस्नीम धड चार वाक्यं बोलली नव्हती. तिच्यामागून आणखी तीन हात वर गेले.

"खुर्ची हवीय होय तुला?" एफीनं विचारलं.

"मला तर तिथं बसायची भीतीच वाटते," तस्नीम म्हणाली. हात मात्र खाली आला नाही. "पण ठेकेदार तुमच्याशीच बोलतो, भाडेकरू तुमच्याच दारात येतात. आम्हाला काही येतच नाही, एफी. तुम्ही इथं आहात, रागावू शकता, तोवर शिकू द्या ना. तुमच्या मयताच्या जेवणाला बसून शिकायचं का आम्ही?"

"मयताचं आत्ताच कशाला काढतेस?" ह्यूई पुटपुटला. "चार-चार झालेत. आता अध्यक्षाचं निर्णायक मत."

"म्हणजे माझंच?"

"नियमात तसंच आहे बाई. अशी वेळ येईल हे कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं."

एफीनं त्या चार हातांकडे पाहिलं. एकवीस वर्षं घसा फोडून जे मागितलं, ते आज समोर उभं होतं, आणि नेमकं तिच्याच विरोधात. तिला आधी झोंबलं, मग हसू फुटलं, आणि हसता हसता डोळे भरून आले. इतका आनंद तिला पहिल्या घराची किल्ली देतानाही झाला नव्हता.

तिनं हात वर केला. "विरोधात."

टाळ्या थांबेनात. एफी उठली, तस्नीमला खांद्याला धरून खुर्चीत बसवलं आणि स्वतः तिच्या रिकाम्या जागेवर जाऊन टेकली. तस्नीमनं पुढचा विषय घेतला, नव्या घरांच्या दारांचा रंग. ठेकेदारानं करडा सुचवला होता.

"करडा? तुरुंग बांधतोय का आपण?" एफी कडाडली.

तस्नीमनं कागदावरून मान वर केली. "एफी, आधी हात वर करा. ह्यूईचं बोलून झालं की तुम्ही."

एफी मॅकगार्व्हीनं हात वर केला आणि मुकाट्यानं वाट पाहत बसली.