काठी कोणत्या हातात

प्रियलने न विचारता व्हिडिओ काढला, आणि तोही पाठीमागून. सायरबाईंना खरा राग या पाठीमागूनचाच होता. तोंड तरी माणसाच्या ताब्यात असतं. पाठ कोणाच्या ताब्यात असते? मंदिरातून नरडाण्याच्या बाजाराच्या रस्त्याने त्या घरी चालल्या होत्या. दर दोन दुकानांआड थांबायचं, कशाचा तरी भाव विचारायचा, म्हणजे दम खायला थांबलो हे कळत नाही. तेवढ्यात भाजीवाली बेबाबाई ओरडली, "अक्का, तुमनी नातसून मांगून फोटू काढी ऱ्हायनी व!" अख्खा बाजार वळून बघायला लागला.

घरी पोचेपर्यंत व्हिडिओ धुळ्याच्या हाडांच्या डॉक्टरकडे पोचलासुद्धा होता.

"अजून मेले नाही मी," पलंगावर टेकत सायरबाई म्हणाल्या. "मेल्यावर काढ हवे तेवढे."

प्रियल ही थोरल्या नातवाची, अनुजची बायको. फिजिओथेरपी शिकलेली. ती चिडली नाही, तिने फोन समोर धरला. फोनमध्ये एक म्हातारी चालली होती. दर पावलाला उजवीकडे कलायची, जणू रस्त्याच्या कडेला काही सांडलंय आणि ती वाकून बघतेय. उजव्या पायाचा पंजा बाहेर फेकलेला, काठीही उजव्याच हातात. कोण गं ही, असं सायरबाई विचारणारच होत्या. मग साडी ओळखीची वाटली.

"गुडघ्याची आतली गादी झिजलीय, दादी. तिथे भार नको म्हणून अंग आपोआप बाहेर कलतं, पंजा वळतो, पाऊल आखूड पडतं. शरीराने शोधलेली पळवाट आहे ती. पण त्यात तुमची कंबर मरते. आणि काठी चुकीच्या हातात आहे. उजवा गुडघा दुखतो, तर काठी डाव्या हातात हवी."

"वा गं शहाणी! तडा ज्या भिंतीला, टेकू त्याच भिंतीला द्यायचा असतो."

"भिंत चालत नाही, दादी. उजवं पाऊल पुढे पडतं तेव्हा आपला डावा हात पुढे जातो. काठी त्याच्याबरोबर टेकली की गुडघ्याचा भार ती घेते."

सायरबाईंनी काठी पुन्हा उजव्याच बाजूला टेकवून ठेवली. डावा हात रिकामा होता कुठे? उंबरा ओलांडला की डाव्या हाताने हनुवटीपाशी पदर धरायचा, हे सासूने लावलेलं वळण. बावन्न वर्षं झाली, सासू गेली, हात तिथेच होता.

रविवारी जळगावला जायचं होतं. धाकट्या नातवासाठी, रोनकसाठी, पलक नावाची मुलगी बघायला. घर तिसऱ्या मजल्यावर आणि लिफ्ट बंद. सायरबाईंचे यजमान रतनलाल म्हणाले, "तू राहा घरी. आम्ही बघून येतो."

"तुम्ही काय बघणार? तुमचं लक्ष फरसाणावर."

घरातली प्रत्येक सून त्यांनी पसंत केली होती. आज घरी राहिलं, तर पुढच्या वेळी कोणी विचारणारही नाही. म्हातारी बाई अशीच हळूहळू भिंतीवरच्या फोटोत जाते. काठी घेऊन जावं, तर मुलीकडचे म्हणणार, या घरात हाडांचा दोष आहे. त्या स्वतः एका घराबद्दल असंच म्हणाल्या होत्या आणि सोयरीक मोडली होती. काठी गाडीतच राहिली.

"चांगला पाय आधी वर, दादी," जिन्यात मागून प्रियल पुटपुटली. पहिला मजला सायरबाईंनी मुद्दाम दुखऱ्या पायाने सुरू केला. दुसऱ्या मजल्यापासून गुपचूप चांगला पाय आधी टाकला.

चहा झाला. आता त्यांचा नेहमीचा डाव. मुलीला चालून दाखव असं तोंडावर म्हणायचं नाही, दूर ठेवलेलं काहीतरी मागायचं. येताजाता पाय दिसतात. प्रियललाही त्यांनी अशीच खिडकीतली मासिकं आणायला लावली होती. सायरबाईंनी घसा साफ केला, पण पलकची आजी आधी बोलली.

"सायरबाई, तिकडे ऊन येतंय तुमच्या अंगावर. इकडे पंख्याखाली या ना."

खोलीच्या पार दुसऱ्या टोकाला. ऊन कुठेही नव्हतं. सायरबाईंना कळलं, आणि कळलंय हे त्या आजीलाही कळलं.

त्या उठायला गेल्या. तासभर बसून गुडघा गंजलेल्या बिजागरीसारखा धरला होता. अर्ध्यावर उठून पुन्हा बसल्या. रतनलालसुद्धा खायचे थांबले. दमल्या होत्या सायरबाई. जिन्याने नाही, लपवण्याने.

प्रियल उठून त्यांच्या डाव्या बाजूला येऊन उभी राहिली. तिने खांदा पुढे केला. सायरबाईंनी पदर सोडला आणि तो खांदा धरला. पदर घसरून मानेवर आला, पांढरे केस परक्या घरात उघडे पडले. सहा पावलं. अंग कललं, पण व्हिडिओतल्यापेक्षा कमी. गुडघा ओरडला, पण नेहमीइतका नाही.

"गुडघा का?" पलकच्या आजीने विचारलं.

"उजवा."

"माझे दोन्ही. मी सकाळपासून उठलेच नाही या खुर्चीतून, तुम्ही बघाल म्हणून."

दोघी हसल्या नाहीत. हसण्याइतकं त्राण नव्हतं. मुलीकडून काही आणवायचं मात्र राहून गेलं. सायरबाईंनी तिला जवळ बसवून काय शिकलीस, काय आवडतं, असलं विचारलं. उठताना म्हणाल्या, आमच्याकडून होकार.

उतरताना पहिल्या वळणावर त्या थांबल्या. प्रियलने न सांगता आपल्या ओढणीची पिन काढून त्यांच्या पदराला लावली. त्यांनी लावू दिली. मग कठड्याला टेकून बराच वेळ श्वास घेतला आणि म्हणाल्या,

"ऐक, प्रियल. न विचारता माझं चालणं परक्या माणसाला दाखवलंस, हे वाईट केलंस. राग गेलेला नाही, जाणारही नाही. तुझं म्हणणं मात्र बरोबर निघालं. बुधवारी धुळ्याला घेऊन चल मला. पण डॉक्टरशी बोलेन मी. कुठे दुखतं ते मला ठाऊक आहे, तू तिथे गप्प बसायचंस."