हवा कुठून जाते

अणुभट्टीच्या इमारतीत शिरताना दोन जाड पोलादी दारं लागतात. एक बंद झाल्याशिवाय दुसरं उघडत नाही. त्या दोन दारांमधल्या खोलीत हवा भरायची आणि ती किती गळते ते मोजायचं, हे अर्चनाचं काम. भट्टी दुरुस्तीसाठी बंद होती. ही शेवटची चाचणी उरकली की ती नगरला आईकडे जाणार होती. आईच्या डोळ्याचं ऑपरेशन परवावर आलं होतं.

पण दाबाचा काटा खाली सरकत होता.

"दाराचा रबर नवा हाय, मॅडम. मीच बसवला," जवळच्या दांडी गावचा फिटर कैलास म्हणाला. जागरणाने त्याचेही डोळे तारवटले होते.

अर्चनाचे वरिष्ठ कृष्णकांतसाहेब यांनी चष्मा कपाळावर चढवला. "एसी वाढवलाय ना? हवा गार झाली की दाब उतरतोच. तेवढं धर, बसेल मर्यादेत."

अर्चनालाही तेच हवं होतं. तिने तापमानाची वजावट केली, तरी भागेना. पुन्हा केली, जरा सैल हाताने, तेव्हा आकडा कसाबसा काठाला टेकला. चाचणीच्या अहवालावर सही केली असती तर कुणी विचारलंही नसतं. तिने पेन बाजूला ठेवलं.

"सर, कुठून गळतंय ते साबण लावून बघूया," ती म्हणाली.

साहेबांना खुर्चीतून उठायला वेळ लागला. कैलासने दाराच्या कडेने साबणाचं पाणी फिरवलं. कुठेच बुडबुडा नाही. मग साहेबच गुडघे धरून वाकले आणि दार लावायच्या चाकाचा दांडा पोलादातून आरपार जातो तिथे बोट दाखवून म्हणाले, "इथे लाव."

फेस हळूहळू फुगला, फुटला, परत फुगला.

"दांड्याभोवतीचं पॅकिंग बदलाय लागंल," कैलास खालीच बसला. "आज काय होत नाय."

गेटवर जमा केलेला फोन हातात येताच अर्चनाने आईला, सोजराबाईंना लावला. "आई, मला परवा यायला जमणार नाही. वहिनी येईल ना सोबत?"

"येईल की," सोजराबाई म्हणाल्या. "तू जेवलीस का?"

"हो," अर्चना म्हणाली. ती जेवली नव्हती.

पॅकिंग बदलून पुन्हा हवा भरेपर्यंत ऑपरेशनचा दिवस उजाडला. या वेळी काटा जागचा हलला नाही. अर्चनाने सही केली आणि बाहेर पायरीवर येऊन बसली. शेजारी साहेब टेकले.

"मी परवाच सही केली असती," ते म्हणाले.

"मलाही करायचीच होती, सर."

"आईचं झालं?"

"चालू असेल आत्ता." तिने डोळे मिटून भिंतीला डोकं टेकलं. साहेब तिथेच बसून राहिले.